एक मेचं सांदण

आमच्या शाळेत एक मेला दोन गोष्टी व्हायच्या. सकाळी झेंडा चढायचा आणि झेंडा चढला की वर्षाचा निकाल मिळायचा. निकाल ऐकला की जून उजाडेपर्यंत शाळेचं तोंड बघायचं नाही. त्यामुळे आम्हां पोरांना हा दिवस दिवाळीइतका आवडायचा. महाराष्ट्र राज्य झालं म्हणून जास्त, की सुट्टी लागली म्हणून जास्त, हे मात्र कुणी विचारू नये.

मी सांगते आहे ते वर्ष राज्य झाल्यानंतरचं तिसरं की चौथं. मी चौथीत होते. खालापूरच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठाला आमचं गाव. गावात भातशेती करणाऱ्यांची घरं आणि ओढा ओलांडला की आमची वस्ती. आम्ही बौद्ध झालो त्याला सहा-सात वर्षं झाली होती. वस्तीतली काही माणसं शेतावर जात, काही खोपोलीला कारखान्यात. माझे वडील कागदाच्या कारखान्यात होते. मोठे कागद कापताना कडेच्या पांढऱ्या पट्ट्या उरत. साहेबांना विचारून ते त्या पट्ट्या सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणत. चार बोटं रुंद, हातभर लांब, कोऱ्या करकरीत. आमच्या वस्तीत शाळेची वही मिळायची मारामार, पण कागदाच्या पट्ट्यांचा आमच्या माळ्यावर ढीग असे.

आईनं त्या पट्ट्यांचं सोनं केलं होतं. दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला आमची सगळी वस्ती तिच्या पताकांनी सजायची. बाजारातल्या रंगीत कागदाला तिनं कधी हात लावला नाही. कपड्यांची नीळ पाण्यात कालवून निळा रंग, हळद उकळून पिवळा. हळदीच्या पाण्यात नखभर चुना टाकला की ते पाणी डोळ्यांदेखत केशरी होऊन लाल व्हायचं. लहानपणी मला वाटायचं, ही जादू जगात फक्त माझ्या आईला येते. पट्टी रंगात बुडवायची, दोरीवर वाळवायची, तिकोनी कापायची आणि सुतळीला खळीनं चिकटवायची. खळसुद्धा घरचीच, भाताच्या पेजेत पीठ कालवून शिजवलेली.

त्या वर्षी शाळेला नव्या बाई आल्या होत्या. एक खोली, चार वर्ग आणि सगळ्यांना मिळून त्या एकट्या. कर्जतहून खोपोलीपर्यंत गाडीनं येत आणि पुढे साडीचा काठ वर खोचून पायी. उंच, सावळ्या, भराभर बोलणाऱ्या. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या माझ्याबरोबर ओढा ओलांडून थेट आमच्या वस्तीत आल्या. बायका दारांतून बघत राहिल्या. शाळेचं माणूस वस्तीत यायचं ते कुणाच्या पोराची तक्रार घेऊन, अशीच सगळ्यांची समजूत. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात त्या आठवड्यातली सगळी पापं मोजली.

बाई मात्र मान वर करून पताकाच बघत होत्या.

"ह्या कुणी केल्या?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"ताई, एक मेला शाळेसाठी मला अशाच करून द्याल?"

आईनं मागं वळून बघितलं. बाई ताई कुणाला म्हणाल्या ते तिला कळेना. मागं कुणी नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "शाळेत लावनार तुमी? गाववाले काय म्हंतील?"

"पताका चांगल्या झाल्या म्हणतील," बाई म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या.

बाईंच्या डोक्यात बरंच काही होतं. दर वर्षी झेंड्याला पोरांच्या हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या पडत. ह्या वर्षी त्यांना विकतचं काहीच नको होतं. शोभा आपल्या हातची, खाऊही आपल्या हातचा. पताका तिरंगी आणि पोरागणिक एकेक कागदी झेंडा. खाऊ काय करायचा ते त्यांचं ठरत नव्हतं.

झेंड्याचं काम त्यांनी तिथंच सुरू केलं. हातातल्या पिशवीतून एक नमुना काढला. पट्टीवर चक्र काढलेलं, चोवीस आऱ्यांचं. आईनं तो कागद हातात घेतला आणि बोट ठेवत ठेवत आरे मोजले. तिला अक्षर येत नव्हतं, पण मोजायला ती पक्की होती. एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले.

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "ह्यात एक कमी हाय."

बाईंनी मोजले. तेवीस होते. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आज शाळेत फळ्यावरसुद्धा मी हेच चक्र काढलंय," त्या म्हणाल्या. "पन्नास पोरांनी उतरवून घेतलं, एकानं मोजलं नाही."

मग दोघींनी मिळून युक्ती काढली. आईनं हातातली बांगडी उतरवून कागदावर ठेवली आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवली. गोल झाला. बाईंनी तेवढाच एक कागद गोल कापून आधी अर्धा दुमडला, मग पाव, मग आणखी एकदा. उघडला तर आठ भाग. "आता प्रत्येक भागात मध्ये दोन रेघा. आठ त्रिक चोवीस." पाढे मला आधीपासून येत होते, पण पाढ्याचा काही उपयोग असतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घराला सुट्टी अशी नव्हतीच. एप्रिलात शाळा सकाळची. घरी आलं की जेवून मी आरे काढायला बसायचे. आई झाडूतले हीर काढून झेंड्यांना काड्या करायची. हिरवा रंग तेवढा सहज जमेना. हळदीच्या पाण्यात नीळ टाकली की तो कधी शेवाळाचा व्हायचा, कधी चिखलाचा. आई चमच्या-चमच्यानं नीळ वाढवत गेली, पट्ट्या वाया गेल्या, पण शेवटी कोवळ्या भातासारखा हिरवा साधला. तेव्हा तिनं ते भांडं कुणाला हलवू दिलं नाही, दोन दिवस चुलीपाशी तसंच झाकून ठेवलं.

तिकडे खाऊचंही ठरलं. ते ठरवलं एका काकींनी. गावात शिरताना पहिलंच मोठं घर त्यांचं, दारात आंब्याची तीन जुनी झाडं. त्यांची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात होती. शाळेत आम्ही दोघी जवळजवळ बसायचो, पण ना ती कधी ओढ्याच्या अलीकडे आली होती ना मी त्यांच्या ओट्यावर चढले होते. असंच असतं असं आम्ही दोघींनीही धरून ठेवलं होतं. काकींनी बाईंना सांगितलं, "आमच्या आढीत आंबे पिकायला लागलेत. सांदण करू या. तीन थरांचं. वर आंब्याचं, मध्ये नारळाच्या दुधाचं पांढरं, खाली हिरवं." प्रत्येक पोरानं मूठभर तांदळाचा रवा आणायचा, बाकीचं काकी बघणार. चूल मात्र शाळेच्या आवारात मांडायची, असं बाईंनी सांगितलं. कुणाच्या घरात शिजलं हा प्रश्नच नको. तेव्हा मला वाटलं, शाळा जवळ पडते म्हणून असेल. बाईंचं डोकं कुठं चालत होतं ते मला फार उशिरा उमगलं.

वर्गात बाईंनी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा उभा राहिला. "बाई, झेंडा खाल्ला तर चालतोय का?"

बाईंनी विचार केला. "झेंड्यावर चक्र असतं. ह्याच्यावर नाही. म्हणून हा झेंडा नाही, हे सांदण आहे." सगळ्यांचं समाधान झालं.

आणि मग एकोणतीस एप्रिलची दुपार आली.

पताकांच्या सगळ्या माळा तयार झाल्या होत्या. खळ ओली होती म्हणून आईनं त्या अंगणात खाली पसरून ठेवल्या होत्या आणि ती नदीवर धुण्याला गेली होती. आमची एक शेळी होती. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं. जाताना आई दोनदा बजावून गेली होती. पण वस्तीतल्या पोरी करवंदांना निघाल्या होत्या आणि मागच्या टेकडीवरची करवंदं नुकतीच काळी पडली होती. म्हटलं, जाऊन लगेच येऊ.

परत आले तेव्हा शेळी अंगणाच्या मधोमध उभी होती आणि तिच्या तोंडातून सुतळीचं टोक लोंबत होतं. पेजेची खळ तिला इतकी गोड लागली होती की हिरव्या पताका तिनं एकूण एक खाल्ल्या होत्या. पांढऱ्याही खाल्ल्या होत्या. केशरी तेवढ्या चाखून थुंकून दिल्या होत्या. त्यांत चुना होता ना.

माझ्या ओच्यातली करवंदं तिथंच सांडली. मी शेळीच्या तोंडातून सुतळी ओढत होते, ती गिळत होती, आणि तेवढ्यात डोक्यावर धुण्याचा पिळा घेऊन आई आली. तिनं पिळा खाली ठेवला. मला पाठीत एक धपाटा घातला. मी रडायला तोंड उघडलं, तेव्हा शेळीनं उरलेली सुतळी सुर्रकन आत घेतली आणि आमच्याकडे बघून शांतपणे रवंथ करायला लागली. आई मटकन खाली बसली. मला वाटलं ती रडते आहे. पण ती हसत होती. पदर तोंडाला लावून, अंग गदागदा हलवून हसत होती.

"पंधरा दिसांचं खाल्लं गं हिनं," ती म्हणत होती. "आन वर रंगबी पारखून खाल्ला."

कागदी झेंडे माळ्यावर होते, ते वाचले. पण पट्ट्या संपल्या होत्या आणि वडील लागोपाठच्या पाळ्या करून एक मेच्या सकाळी येणार, ते नव्या पट्ट्या आणणार, त्या रंगवणार कधी, वाळणार कधी. आई बराच वेळ उरलेल्या केशरी पताकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "केशरी कागदाचा हाय. पांडरा कुड्याच्या फुलांचा करू. हिरव्याला आंब्याची पानं."

कुड्याला तेव्हा बहर होता. टेकडीची आमच्या बाजूची सगळी उतरण पांढरी दिसत होती. फुलांची काळजी नव्हती. आंबा मात्र वस्तीत एकही नव्हता. आंबे होते काकींच्या दारात.

तीस तारखेला दुपारी आई मला घेऊन काकींकडे गेली. अंगणाच्या कडेला उभी राहिली. अंगणात आदल्या दिवशी करून बघायला म्हणून चूल पेटलेली होती आणि काकी, बाई, काकींची मुलगी अशा तिघी एका थाळ्याभोवती तोंड पाडून बसल्या होत्या. काकींनी वर बघितलं.

"काय गं?"

"काकी, आंब्याचे चार टहाळे द्याल का? पताका शेळीनं खाल्ल्या."

काकींच्या मुलीला हसू फुटलं. काकींनीही ओठ दाबले. त्यांनी मुलीला झाडावर चढवलं. टहाळे खाली आले, ते काकींनी उचलून आमच्यापासून दोन हात लांब जमिनीवर ठेवले. आई वाकली आणि तिनं ते उचलले. तेव्हा देण्याघेण्याची रीतच तशी होती. काकींनी मुद्दाम काही केलं नाही, आईलाही वावगं वाटलं नाही. पण बाईंनी ते बघितलं, आणि बाई बघताहेत हे मी बघितलं.

आई निघणार होती, पण तिची नजर थाळ्याकडे गेली. काकींनी हिरव्या थराला खायची पानं वाटली होती. काकींना पान खायची सवय, घरामागं पानवेल होती. वाटून, गाळून, तो रस रव्यात कालवलेला असताना रंग छान होता. वाफ लागली आणि तो शेणासारखा झाला. हा त्यांचा तिसरा थाळा होता.

"असा झेंडा कुठल्या देशाचा असतो?" बाई म्हणत होत्या.

आईनं लांबूनच थाळा न्याहाळला. मग अंगणाच्या कडेवरूनच म्हणाली, "काकी, चुना घातला का?"

"सांदनात चुना?"

"पान खाता तवा लावताच की. तांदळाच्या दान्याएवडा घाला. रंग धरंल. मी हळदीला घालते तर तिचा रंग पलटतो, पानाचा काय व्हतोय बगा तरी."

काकींनी कमरेची चंची सोडली. नखावर चुना घेतला, रसात कालवला. छोट्या वाटीत चमचाभर रवा घेऊन वाटी वाफेत ठेवली. आम्ही सगळ्या उभ्या. काकींच्या मुलीनं झाडावरूनच विचारलं, "झालं का गं?" झाकण काढलं. वाटीत हिरवंगार. आईनं पंधरा दिवसांत कागदावर साधला होता, अगदी त्याच रंगाचं.

काकींनी वाटी वाकडी करून बघितली, चिमूट खाल्ली. "पानाची चव हाय, पन वाईट नाय," त्या म्हणाल्या. मग आईकडे बघून, "पहाटं शाळंत ये. हिरवा तूच लाव. मला हे माप जमायचं नाय."

बाई त्या दिवशी काकींकडेच मुक्कामाला राहिल्या. संध्याकाळी मी आणि काकींची मुलगी, दोघी टेकडीवर कुड्याची फुलं आणायला गेलो. आम्ही शाळेबाहेर एकत्र गेलो ते पहिल्यांदाच. फुलं खुडताना ती मला शेळीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत होती आणि सुतळी गिळण्याच्या जागी दर वेळी खाली बसून हसत होती. तिच्या परकराचा ओचा भरला, माझा भरला. शाळेच्या पायरीवर बसून आईनं माळ ओवली. एक केशरी तिकोन, एक कुड्याचा झुबका, एक आंब्याचं पान, पुन्हा केशरी. दोरी दारावर चढली तेव्हा मला ती नुसत्या कागदी पताकांपेक्षा देखणी वाटली. शेळीचे आभार मानावेत असं मी म्हणाले, तर आईनं माझ्याकडे फक्त बघितलं.

एक मेला फटफटलं तशी शाळेच्या मागं चूल पेटली. बाईंनी आंब्याचा रस काढला, कोपरापर्यंत पिवळ्या झाल्या. रसाचा रंग फिका वाटला म्हणून काकींनी त्यात गूळ विरघळवला, तो बराचसा केशरी झाला. काकींनी नारळाचं दूध पिळून, साखर घालून पांढरं कालवलं. आईनं हिरवं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं, वर थाळा. आधी हिरवा थर ओतायचा, तो वाफेनं धरला की पांढरा, तो धरला की आंब्याचा. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात. आमच्या पहिल्या थाळ्याचं तसंच झालं. पांढऱ्यात हिरवे डोळे उमटले. तो आम्ही दोघी मैत्रिणींनी तिथंच संपवला.

दुसऱ्या थाळ्याच्या वेळी पातेल्यातलं पाणी आटत आलं. काकींनी थाळा उचलायला घेतला, एका बाजूनं तो कलला, आणि काकी ओरडल्या, "धर गं, धर लवकर." आईनं पदराच्या घडीनं दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून तो गरम थाळा चुलीवरून उचलला, चार पावलं चालल्या आणि पायरीवर ठेवला. दोघींचे चेहरे वाफेनं लाल झाले होते. काकींनी हातावर फुंकर घातली, आईच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "भाजलं का?" आई म्हणाली, "नाय." त्यानंतर सकाळभर थाळे दोघींनीच उचलले. दोन हात लांब ठेवण्याइतका वेळ कुणालाच नव्हता.

आठाच्या सुमाराला गाव जमलं. वस्तीतली माणसंही आली आणि आवाराच्या एका कडेला उभी राहिली. पोरं हातात कागदी झेंडे घेऊन ओळीनं उभी. झेंडा चढला, आम्ही गाणं म्हटलं, एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं राज्य झालं त्या दिवशी खोपोलीला केवढा जल्लोष होता ते सांगितलं. ह्या म्हाताऱ्यांना सगळं गाव दादा म्हणे. गावातला त्यांचा शब्द मोठा.

मग बाईंनी सांदणाच्या वड्या कापल्या. शंकरपाळ्याच्या आकाराच्या, कापल्यावर कडेला तिन्ही रंग दिसणाऱ्या. पोरांत एकदम गलका झाला. पळसाच्या पानावर एकेक वडी वाढली जात होती, तेवढ्यात बाकावर बसलेल्या एका माणसानं विचारलं, "हे केलं कुनी?"

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. आई पायरीवरून मागं सरकली. मी माझी वडी तोंडाशी नेली होती ती तशीच धरून राहिले. बाई काही बोलणार होत्या, पण काकी आधी बोलल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दादांच्या समोर पान ठेवलं.

"दादा, हिरवा थर हिनं केला," त्यांनी आईकडे हात केला. "पांडरा मी केला. आंब्याचा बाईंनी. तिन्ही एकमेकांना चिकटलेत. आता तुमी कुठला काडून कुठला खाताय ते सांगा."

ज्यानं विचारलं होतं तो माणूस उठला, घरी काम आहे असं काहीतरी म्हणाला आणि गेला. त्याच्याबरोबर आणखी दोघं गेले. दादा पानाकडे बघत बसले. त्यांना किती वेळ लागला कुणास ठाऊक, मला तो फार वाटला. मग त्यांनी वडी उचलली आणि सबंध तोंडात टाकली. चावत राहिले.

"पान घातलंय ह्यात," ते म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. गावच्या सभेत तिनं काढलेला तो पहिला शब्द.

"सुपारी राह्यली घालायची," दादा म्हणाले आणि पान पुढं केलं. "आनी एक दे."

काकी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी थाळा आईच्या हातात दिला. आईनंच दादांना दुसरी वडी वाढली.

त्यानंतर कुणाला काही विचारायचं राहिलं नाही. थाळे बघता बघता रिकामे झाले. वस्तीतली आणि गावातली पोरं कडेची खरवड कुणाला मिळणार म्हणून भांडत होती. थाळ्याच्या काठाला चिकटलेल्या खरवडीचं जास्त कौतुक, कारण तिथं गूळ जमला होता. बाईंनी निकाल वाचला. मी पास झाले. काकींची मुलगी गणितात काठावर पास झाली. आमचे वडील पाळी करून सरळ शाळेतच आले, सायकलवर पट्ट्यांचा नवा गठ्ठा बांधून. आम्ही त्यांना काय झालं ते सांगायला लागलो, तर प्रत्येकीनं वेगळीकडून सुरुवात केली आणि त्यांना काहीच कळलं नाही. त्यांच्यासाठी आईनं पदराखाली एक वडी झाकून ठेवली होती. ती त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली आणि विचारलं, "पताका कागदाच्या करनार होतीस ना?"

गाव एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. उठून गेलेले ते तिघं पुढच्या वर्षीही खाऊच्या वेळी उठून गेले. त्यांतला एक त्याच्या पुढच्या वर्षी बसला. पण एक मेच्या पताका आणि सांदणाचा हिरवा थर आईकडे आला तो कायमचा. त्या बाईंची बदली झाली, नंतरच्या मास्तरांनीही एप्रिल लागला की ओढा ओलांडून यायचं ठेवलं. आई त्यांना आधी आरे मोजायला लावायची.

मला मात्र त्या वर्षीचा दोन मेचा दिवस जास्त आठवतो. सुट्टीचा पहिला दिवस. ऊन चढायच्या आत काकींची मुलगी एकटीच ओढा ओलांडून आमच्या अंगणात आली. दम लागला होता, पायाला ओढ्यातली वाळू चिकटली होती. आई नव्या पट्ट्या उलगडून बसली होती.

"काकी, मला पताका करायला शिकवाल?" तिनं आईला विचारलं.

आईनं तिला बसायला गोणपाट दिलं. मग जरा थांबून विचारलं, "तान लागली असंल. पानी देऊ?"

"द्या की," ती म्हणाली. ती गटागटा तांब्याभर पाणी प्याली, तिनं पालथ्या हातानं तोंड पुसलं आणि माझ्या शेजारी सरकून विचारलं, "कातर कुटं हाय गं?"